सड्यावरचा गोळा आणि सुर्वेबाई

हातखंब्याला एसटी बदलताना ओळखीच्या कंडक्टरने सांगितलं, "मास्तर, तुमच्या सुर्वेबाई गेल्या." मी तसाच उभा राहिलो आणि माझी गाडी निघून गेली... बाई रत्नागिरीला आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, मी चित्रकला. आता महिना झाला त्यांना जाऊन. आमच्या वाडीतली माणसं आज हातीपायी धड आहेत ती बाईंमुळे, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या खडकाळ माळावर, पडक्या किल्ल्याच्या पायथ्याशी, फार पूर्वी लढाई झाली असं म्हातारे सांगत. काही वर्षांपूर्वी तिथे आंब्याच्या कलमासाठी खड्डा खणताना लहान कलिंगडाएवढा गंजका गोळा निघाला. जमिनीतून आपणहून वर आला, म्हणजे राखणदारच! माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला तेल-शेंदूर लावून ऐनाच्या झाडाखाली बसवलं. तेव्हापासून कलम लावायचं असो की कोणी मुंबईला निघालेलं असो, नारळ फुटायचा तो थेट त्या गोळ्यावर. मीच बाईंना हौसेने तो दाखवायला नेलं.

बाईंनी गोळा चहूबाजूंनी न्याहाळला, हात मात्र लावला नाही. अण्णांनी नारळ उगारला तशा त्या झटकन पुढे झाल्या, "तो इकडे द्या" म्हणाल्या आणि शेजारच्या जांभ्या दगडावर त्यांनी तो फोडला. माणसं खवळलीच. मग बाईंनी गोळ्यातलं गंजाने बुजलेलं भोक दाखवलं. "हा कुलपी गोळा आहे. आतून पोकळ. दारू ठासून, वात लावून तोफेतून उडवायचे. हा फुटायचा राहिलाय." अण्णा पुटपुटले, "तरीच... उचलताना वाटला, येवढा गोळा नि हलका कसा?" पण लगेच चेहरा पडला. "बाई, देव हाय तो आमचा. हलवू कसा?"

दुसऱ्या कोणी तिथे अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं असतं. बाई म्हणाल्या, "इतके नारळ सोसून त्याने तुम्हाला राखलं, अण्णा. आता त्याला मानाने निरोप द्या. गाऱ्हाणं घाला." अण्णांनी गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि वाद मिटला. पोलिसांनी जाणकार माणसं आणेपर्यंत बाई छत्री घेऊन पायवाटेवर बसून होत्या. कोणी नवसाचा नारळ घेऊन आलंच तर? त्या माणसांनी सड्याच्या पार टोकाला नेऊन गोळा उडवला. दारू अजून जिवंत होती म्हणाले. आवाज ऐकून अण्णांनी हात जोडले ते बाईंना.

तेव्हापासून नारळ फुटतो तो बाईंच्या त्या जांभ्यावर, आणि त्यातली एक वाटी बाईंची. ती रत्नागिरीला पोचवायचं काम माझं. "अण्णांना सांगा, खोबरं गोड होतं," हा बाईंचा निरोप ठरलेला.

गेल्या आठवड्यात नवं कलम लावलं. अण्णांना बातमी ठाऊक होती. तरी त्यांनी नारळ फोडला, एक वाटी पानात गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली... "बाईंची," म्हणाले. मी ती पिशवीत ठेवली.