ढुंढिराज दूरदर्शनवर काय बोलले

शनिवार, २२ नोव्हेंबर १९८६. थंडी वाढली. सकाळी वीज दोनदा गेली. संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर ढुंढिराज. सगळी गल्ली माझ्याकडे येणार.

माझ्या वहीतली ही नोंद दुपारची. पुढचं तेव्हा ठाऊक नव्हतं.

ढुंढिराज हे आमच्या गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरचे श्राद्धाचे ब्राह्मण. कुणाचंही श्राद्ध असो, पितरांच्या पानावर हेच बसत. नियम कडक: जेवताना मौन, आणि अन्नाला बरं-वाईट म्हणायचं नाही, नंतरही नाही. जो म्हणेल त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. तीस वर्षं त्यांचा संसार या न बोलण्यावर चालला होता.

दिल्लीच्या त्या कार्यक्रमात चार नामवंत मंडळी प्रश्न विचारून पाहुण्याचा व्यवसाय ओळखत. एरवी तो रविवारी सकाळी लागे. ही संध्याकाळची खास आवृत्ती, म्हणून चौघांत एक सिनेनटीही होती. ढुंढिराजांच्या भाच्यानं परस्पर पत्र पाठवून त्यांची वर्णी लावली होती. चित्रीकरण तीन आठवड्यांपूर्वीच झालेलं. काय झालं विचारलं, की म्हणत, "बघालच."

त्यांच्या सीताबाई नवं लुगडं नेसून सर्वांत पुढे बसल्या. स्वतः ढुंढिराज मात्र "संध्या उरकून येतो" म्हणून गायब.

"आप कुछ बनाते हैं?" नटीनं विचारलं.

"जी नहीं."

"लोग आपकी राह देखते हैं?"

"भूखे बैठकर देखते हैं."

गल्ली खिदळली. सातव्या प्रश्नाला नटीनं ओळखलं, टाळ्या पडल्या. "तो पंडितजी," ती लाडात म्हणाली, "इतने घरों में खाया, सच बताइए..." आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"काकू, एंटीना हिल गया!" बँकेतला गोपीनाथ ओरडला.

मी गच्चीवर गेले. ढुंढिराज अँटेनाच्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकले होते.

"अहो, हे काय?"

"वहिनी, पाया पडतो, दहा मिनिटं थांबा. मी बोललो तिथे. गल्लीनं ऐकलं तर उद्यापासून मला पान कोण मांडेल?"

"बोललात काय?"

"तिनं विचारलं, सर्वांत वाईट जेवण कुठलं. इतक्या प्रेमानं विचारलं हो! म्हटलं, एका घरचे वडे गंगेत टाकले तर तरंगायचे नाहीत, सरळ तळाला जातील."

मला हसू आवरेना. "शेजारच्या प्रभावतीकडचे?"

त्यांनी दांडा आणखी घट्ट धरला.

"नाव घेतलंत?"

"छे! एवढंच म्हटलं, की यजमान स्टेशनमास्तर होते."

आमच्या गल्लीत स्टेशनमास्तर एकच झाले. त्यांचं श्राद्ध मी सतरा वर्षं करते आहे, आणि वडे स्वतः तळते. ते खुसखुशीत होतात अशी माझी समजूत होती.

खालून सीताबाईंची हाक आली, "आलं का हो चित्र?"

मी दांडा त्यांच्या हातून घेतला आणि आणखी अर्धा फेरा दिला. "नाही येत!" मी ओरडले. "दिल्लीहूनच बिघडलंय!" मग त्यांना म्हटलं, "खाली जा. मी धरते."

ते जिन्याकडे वळले, तसं मी विचारलं, "फाल्गुनात यांच्या श्राद्धाला याल ना?"

"येणार की, वहिनी."

"वडे कसे करू?"

ढुंढिराजांनी हात जोडले, ओठ मिटले आणि जिना उतरले.

रात्री वहीत भर घातली: चहा एकवीस कप झाला. साखर संपली.