अंग धरलं

नर्मदाबाई मुळातच काडी. सिद्धेश्वरच्या धरणाकाठी नामाजीची मेंढरं चरायची आणि त्यांच्यामागून ती धापा टाकत यायची. दर दिवाळीला माहेरी गेली की तिची आई, नीलाबाई, जावयाला चारचौघांत ऐकवायची, "मेंढरायला पाला घालता जावईबापू, माझ्या लेकीला काय घालता?" नामाजी हसण्यावारी न्यायचा. पण मेंढरं हाकताना ते बोलणं त्याला पुन्हा पुन्हा ऐकू यायचं.

दोष खाण्यापिण्याचा नव्हताच, हृदयाच्या झडपेचा होता. तो कळेस्तोवर बरीच वर्षं गेली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिची झडप बदलली. दोन-तीन दिवसांनी नामाजी तिला बघायला आत गेला आणि बघतच राहिला. गालांचे खड्डे बुजले होते. चेहरा कसा वाटोळा, लगीन झालं तेव्हासुद्धा नव्हता असा. तो तडक रस्त्यावरच्या फोनवर गेला, सासुरवाडीच्या किराणा दुकानात फोन लावला आणि दुकानदाराला म्हणाला, "मामीला सांगा, तुमच्या लेकीनं अंग धरलं. या म्हना बघायला."

परत आला तर खाटेशी रागिणी डॉक्टर उभ्या होत्या. नर्मदाबाईच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला, उचलला. गाळात मेंढराचा खूर उमटावा तसा खळगा तिथंच राहिला.

"काका, ही सूज आहे. पाणी साठतंय आत."

ऑपरेशनचा मार किडन्यांना बसला होता. लघवी कमी झाली होती, रक्तातल्या घाणीचा आकडा रोज चढत होता.

"उतरंल का वाढंल?" नामाजीनं विचारलं.

"सकाळी एक इंजेक्शन देऊ. त्यानंतर दोन तासांत ही लघवीची थैली भरत आली, तर किडन्या उठतील असं धरायचं. नाही भरली तर वाढत जाण्याचीच भीती जास्त. मग रक्त मशीनवर धुवावं लागेल."

"धुतल्यावर बरी व्हईल?"

"ते आज मला नाही सांगता येणार."

निरोप फिरवायला तो पुन्हा फोनकडे धावला. दुकान मिटलं असावं, पलीकडे घंटी नुसतीच वाजत राहिली.

सकाळी इंजेक्शन दिलं. नामाजी नळीकडे डोळे लावून बसला. थेंब यायचा, नळीतच थांबायचा. पाणी मोजूनच द्यायचं, असं सिस्टरनं बजावलं होतं. नर्मदाबाईनं सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"अवो, धरनाकाठची मी, अन् घोटभर पान्याला महाग करून राहिले मला."

"देतील, देतील," तो म्हणाला. आयुष्यभर त्यानं मेंढरं पाण्यावर नेली होती. इथं गडवा हाताशी होता आणि भरून तिच्या ओठाला लावता येत नव्हता.

दोन तास झाले. रागिणी डॉक्टरांनी थैली हातात घेऊन पाहिली. तळ ओला होता, एवढंच. मशीन तयार ठेवा, असं त्या सिस्टरला हळूच म्हणाल्या आणि सामानासाठी सांगायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात पहिल्या गाडीनं निघालेली नीलाबाई दारातून आत आली. लेकीचं तोंड पाहिलं आणि तिथंच तिचे डोळे भरले. तिनं लेकीच्या तोंडावरून हात ओवाळले, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग जावयाकडे वळली.

"लई बोलले तुमाला, बापू. मनात ठिवू नका. राखलं तुमी माझ्या लेकीला."

नामाजीनं तोंड उघडलं. तोवर तिनं पिशवीत हात घातला होता.

ऑपरेशनआधी नर्मदाबाईच्या बांगड्या उतरवल्या होत्या, म्हणून नीलाबाईनं येताना हिरव्या आणल्या होत्या, लेकीच्या जुन्या मापाच्या. एक घालायला गेली तर ती बोटांच्या मुळाशीच अडली. दाबली, फिरवली. चढेना. नीलाबाई मायेनं हसली.

"हात बी भरला गं बाई. बापू, साबन लावून चढवते. वाईच पानी आना."

नामाजीनं थैलीकडे पाहिलं. मग गडवा उचलला आणि पाणी आणायला गेला.