मोकळ्या ओळी

पडदा वर जातो तेव्हा आखातातल्या रास अल खोरच्या एका गोदामात शुक्रवारच्या सुट्टीची सामसूम असते. पंखा गरगरतो आहे, आणि टाइल्सच्या खोक्यावर कागद ठेवून चाळिशीतला गोपीनाथ खानोलकर इंग्रजी वाक्यं लिहितो आहे. साल सत्त्याण्णव.

सहा वर्षं त्यानं इथं खोकी उचलली. स्टोअरकीपर झाला तर पगार वाढणार होता, बायकोचा व्हिसा निघणार होता. पण त्या जागेला लिहिता येणारं इंग्रजी हवं. वेंगुर्ल्याला बायको प्रमिला शाळेत शिकवायची. तिनं पत्रातून शिकवणी लावली. आठवड्याला एक शब्द, त्याची पाच वाक्यं. एकाआड एक ओळ मोकळी सोडायची, तिथं ती लाल शाईनं दुरुस्ती करणार. पत्र जाऊन यायला महिना लागे. 'विंडो'च्या वाक्याखाली एकदा तिनं लिहिलं होतं, वाक्य बरोबर, पण आपल्या खिडकीचा गज निखळलाय, सुतार काही येत नाही. ती लाल ओळ गोपीनाथ कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडला.

आज परीक्षा घ्यायला ऑफिसातले रफिकसाहेब समोर बसले होते. त्यांनी शब्द दिला, 'डोअर'. पहिली दोन वाक्यं गोदामाच्या दाराची झाली. तिसऱ्यापासून हात आपसूक वेंगुर्ल्याला वळला. आमचं दार निळं आहे. बायको दिवेलागणीला दार उघडं ठेवते. दोन वर्षं मी त्या दारातून आत गेलो नाही.

रफिकसाहेबांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. अर्धा कागद कोरा का, हात आखडला का, असं त्यांनी विचारलं.

गोपीनाथ खजील झाला. सवयीनं घात केला होता.

"वो लाइन मिसेस की है, साब. वो करेक्शन करती है."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा सावकाश वाचला, शेवटच्या मोकळ्या ओळीखाली सही केली आणि यल्ला, चल, शनिवारी चाव्या ताब्यात घे, म्हणाले.

संध्याकाळी टेलिफोन बूथपुढे ही मोठी रांग. नंबर लागला, शेजाऱ्यांनी प्रमिलेला हाक मारली, तोवर कार्डातले निम्मे दिरहम सरले होते. तिनं व्हिसाचं काही विचारलं नाही. चुका किती झाल्या, तेवढंच विचारलं.

"साहेबांना एकही सापडली नाही," गोपीनाथ म्हणाला. "पण तुझ्या ओळी मोकळ्याच आहेत गं. लाल पेन घेऊन ये."