आवडेल का, असं विचारू नये

सर्व्हे म्हणजे काय, चार प्रश्न लिहायचे आणि लिंक पाठवायची, असं कोणी म्हटलं की दीक्षाचं डोकं फिरतं. वाडीतल्या भाड्याच्या खोलीत वाढलेली ही पोरगी कॉलेजात असताना एका साबण कंपनीसाठी फोनवर लोकांची मतं विचारायची. माणसं साबणाबद्दलही धडधडीत थापा मारतात, हे तिला तेव्हाच कळलं. मग पुस्तकांबद्दल ती खरं का बोलतील?

आता ती प्रताप नगरात, वामनरावांच्या प्रकाशनात वाचकांचा कल शोधायचं काम करते. गेल्या हिवाळ्यात तिनं अंकुश नावाच्या एका शिक्षकाच्या कथा आणल्या, अख्ख्या इकडच्या वऱ्हाडी बोलीत. वाचताना ती एकटीच खो खो हसली होती आणि शेवटच्या कथेला चक्क रडली होती. हे पुस्तक निघायलाच हवं, असं तिच्या मनानं घेतलं. वामनराव मात्र सावध.

"आधी वाचकांना विचारून घे. हो म्हणाले तर छापू, नाहीतर बाड परत."

प्रश्नही त्यांनीच लिहून दिला: 'आपणांस वऱ्हाडी बोलीतील कथासंग्रह वाचावयास आवडेल काय?' असं विचारू नका, म्हणून दीक्षानं सांगून पाहिलं. ऐकतंय कोण! उत्तरं आली आणि बोलीची पार दाणादाण उडाली. लोकांना म्हणे वैचारिक ग्रंथ हवे होते. एका बाईंनी तर खाली लिहिलं, 'पुस्तकाची भाषा शुद्ध असावी.' दीक्षाला राग आला आणि वाईटही वाटलं.

"बघ," वामनराव म्हणाले.

"लोकायचं नाही चुकलं सर, आपला प्रश्न चुकला. इतक्या शुद्ध भाषेत विचारल्यावर माणूस पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा सावरूनच बसन ना! मले एकदा माझ्या पद्धतीनं विचारू द्या."

वामनरावांनी नाइलाजानं मान हलवली. दीक्षानं मत विचारणंच बंद केलं. अंकुशकडून एकाच कथेची सुरुवात दोन तऱ्हांनी लिहून घेतली, एक बोलीत, एक प्रमाण मराठीत. अर्ध्या लोकांना ही, अर्ध्यांना ती. खाली एकच बटण: 'पुढचं पान'. पहिल्या सर्व्हेला जोडलेलं बक्षिसाचं कूपन काढून टाकलं, कारण कूपनासाठी माणूस कशावरही बोट ठेवतो. आधी ओळखीच्यांच्या मोबाइलवर चालवून पाहिलं. एकाच्या जुन्या फोनवर बटणच दिसेना, ते नीट केलं. मग पहिल्या सर्व्हेतल्या त्याच सगळ्या वाचकांना लिंक गेली.

निकाल पाहून ती टाळी वाजवून उठली. प्रमाण मराठीतली कथा बहुतेकांनी पहिल्याच पानावर सोडली होती. बोलीतली वाचणारे मात्र पुढे गेले होते, आणि त्यांत आधी 'नको' म्हणणारे कितीतरी होते.

"लोक गंमत म्हणून बटण दाबतात," असं म्हणत वामनरावांनी खोट काढायलाच बोलीची लिंक स्वतःच्या फोनवर उघडली. कथेतल्या पार्वतीबाईची बकरी चोरीला जाते आणि ती सगळ्या गावाला शिव्या देत सुटते. वामनरावांनी बटण दाबलं. मान न उचलता पुन्हा दाबलं.

"हे काय, इथंच संपलं?"

"सर्व्हेपुरती तेवढीच पानं टाकली सर."

वामनरावांनी तरीही बटण आणखी एकदा दाबून पाहिलं.

"बरं, मंग मले एक सांग, त्या बुढीची बकरी कोनं नेली?"

"छापल्यावर समजन ना सर," दीक्षा म्हणाली.