सोन्याच्या वेलीवर चालवलेलं कटर

मंडळी, डोकं अजून तापलेलंच हाय.

दुपारी बीडच्या माझ्या फ्रेमच्या दुकानात एक साहेब आले. त्यांनी परदेशातून जुन्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या पुस्तकातलं एक पान आणलं होतं. शेकडो वर्षांपूर्वी कातड्यावर हातानं लिहिलेलं, कडेनं सोन्याच्या वेली.

“बाकीचं पुस्तक कुठाय?” मी विचारलं.

“विकणाऱ्यानं पानं सुटी केली. ह्या कडा कापा, मी आणलेल्या फ्रेममध्ये पान बसत नाही.”

“न्हाई कापणार. तुमच्या घरच्या पोथीचं पान असं कापू द्याल का?”

“तिचा काय संबंध?” म्हणत ते शेजारच्या फ्रेमवाल्याकडं गेले आणि त्यांनी पान कापून घेतलं. सोनेरी कातरण मी तिथल्या कचऱ्यातून उचलून आणलंय.

सांगा, देव दुसऱ्याचा हाय म्हणून हात चालतोच कसा?