मेव्हण्याच्या चुलीची राख

...तर बाण सुटला तेव्हा डुक्कर तिथं नव्हतंच. दाउरेनं दोरी कानापर्यंत ओढली तोवर ते होतं, कोनफळाच्या वाफ्यात नाक खुपसून, शेपूट हलवत, जगाची काही फिकीर नसल्यासारखं. दोरी ताणताना वेळूचं धनुष्य जरासं कुरकुरलं, वाळकं पान पानावर घासावं एवढंच. बाण जाऊन मातीत रुतला तेव्हा वाफ्यात उकरलेली माती उरली होती आणि तिच्यात अर्धं खाल्लेलं कोनफळ. दाउरेनं बाण उपटला, पात्याची माती मांडीला पुसली आणि ते उरलेलं अर्धं कोनफळ उचलून घरी आणलं. अगदीच रिकाम्या हातानं कसं जायचं?

वाटेत सेकरी बसला होताच. सेकरी म्हणजे दाउरेच्या बायकोचा, एल्सीचा, धाकटा भाऊ. आमच्याकडे शिकाऱ्यानं स्वतः मारलेलं डुक्कर तोंडाला लावायचं नसतं. ते जातं बायकोच्या भावाकडे. त्यामुळे दाउरेनं उभ्या जन्मात जेवढी डुकरं पाडली तेवढी सेकरीनं खाल्ली, आणि सेकरीचं पोट म्हणजे दाउरेच्या नेमाची पावती असं गावात सगळे म्हणायचे. नदीपलीकडचा पाहुणा आला की त्याला आधी सेकरीचं पोट दाखवायचे, मग दाउरेशी ओळख करून द्यायचे.

सेकरीनं त्या अर्ध्या कोनफळाकडे पाहिलं.

"दाजी, आज वाटून घेतलंत वाटतं त्याच्याशी?"

दाउरे नुसता खोकला. तो तसा कमीच बोलायचा. बोलण्याऐवजी खोकायचा. चुलीच्या धुराचा जुना खोकला होता तो, कोरडा, दोन ठोक्यांचा. अंधारात नुसता खोकला ऐकला तरी माणसं म्हणायची, दाउरे आला.

चेष्टा चेष्टेच्या जागी, पण मामला साधा नव्हता. दाउरेचा थोरला भाऊ मारुआ मागच्या पावसाळ्यात गेला. त्याची बायको, कवाई वहिनी, तेव्हापासून सुतकात होती. आमचं सुतक म्हणजे चार दिवसांत उरकायचं प्रकरण नाही. बाईनं अंगाला चिखल फासायचा, नदीत उतरायचं नाही, नारळ खायचा नाही, गाण्याला यायचं नाही, हसू आलं तर तोंड भिंतीकडे करायचं. हे कुठवर, तर मयताच्या नावानं जेवण होईपर्यंत. नदीपलीकडच्या सोयऱ्यांना बोलवायचं, त्यांच्यापुढे कोनफळांची रास रचायची, डुक्कर कापायचं. रास माणसाच्या छातीला लागली की सोयरे म्हणतात, झालं, आणि बायका तिला हाताला धरून नदीवर घेऊन जातात. रास लागली नाही तर कुणी वाईट बोलत नाही, जेवतात, निघून जातात. ती बाई मात्र आणखी एक वर्ष चिखलात.

कवाई वहिनी हसऱ्या तोंडाची बाई. वर्षभर भिंतीकडे तोंड करून करून तिची मान आखडली होती, असं एल्सी म्हणायची.

ती रास दलदलीकाठच्या त्या एका शेतातून निघायची होती. बेणं मारुआच्या हातचं, लागवड दाउरेची. आणि खणायला थोडे दिवस उरले असताना हे डुक्कर कुंपणाखालून आत यायला शिकलं.

दाउरेनं माहीत होतं ते सगळं करून पाहिलं. वाऱ्याला तोंड देऊन बसला, तर डुक्कर लांबून वळसा घालून त्याच्या पाठीमागनं वास घेऊन गेलं. कागदी सालीच्या झाडावर चढून बसला, तर त्या दिवशी फिरकलंच नाही. दुसऱ्या दिवशी आलं, आणि तो ज्या झाडावर बसला होता त्याचंच बूड उकरून ठेवलं. सेकरीनं आपली कुत्री सोडली. त्यातलं एक मांडी फाडून घेऊन आलं आणि बाकीची त्याच्या आधीच घरी पोचली होती. कुणी म्हणालं, बंदूक मागवू. बंदूक होती चौकीच्या गावात, पण काडतुसं पार राजधानीतून, मोर्सबीहून यायची, आणि मोर्सबीहून आमच्याकडे आजवर फक्त निरोप आलेत.

एक गोष्ट मात्र दाउरेला खटकत होती. आमचा शिकारी निघण्याआधी आपल्या चुलीतली गार राख अंगाला चोळतो. काखेत, मानेला, पायांच्या बोटांत. कोरड्या दिवसांत सगळीकडे गवत जाळलेलं असतं, रानभर राखेचाच वास, त्यात माणसाचा वास बुडून जातो. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. आजवर एकाही डुकरानं राखेला नाक मुरडलं नव्हतं. हे मात्र राखेचा वास आला की थांबायचं, मान वर करायचं, आणि दाउरेला वाटायचं, हे घाबरत नाही. हे ओळखतंय.

मग एका सकाळी दव असताना ते कुंपणापाशी आडवं उभं राहिलं. बाणाच्या टप्प्याबाहेर, पण उजेडात. डाव्या कानाला दोन खाचा होत्या. जवळजवळ, एक खोल, एक उथळ.

दाउरेनं धनुष्य खाली ठेवलं आणि खाली बसला.

पाळलेल्या पिलाच्या कानाला प्रत्येक बाईची खूण वेगळी. एक खोल आणि एक उथळ ही एल्सीची. दुसरी खाच उथळ, कारण दुसऱ्या वेळी तिचा हात कचरतो. सगळ्या पिलांच्या बाबतीत कचरतो.

ते सिबू होतं. त्याची आई दाउरेनंच मारली होती, आणि मुठीएवढं पिल्लू झोळीत घालून एल्सीला आणून दिलं होतं. तिनं कोनफळ चावून चावून त्याला भरवलं, पाठीवर झोळीत घेऊन शेतावर नेलं, चुलीपाशी झोपवलं. दाउरे संध्याकाळी ओट्यावर धनुष्य ताणून बघायचा, वेळू कुरकुरायचा, तो खोकायचा, आणि सिबू त्याच्या पायाशी अंग टाकून ऐकत असायचं. मोठं झाल्यावर एका जेवणासाठी त्याला बांधायला माणसं दोर घेऊन आली, तर दोर पाहिल्याबरोबर ते रानात गेलं. कितीतरी पावसाळे झाले त्याला. एल्सीनं तेव्हा काही दिवस संध्याकाळी हाका मारल्या, मग सोडून दिलं.

म्हणजे दाउरे रोज काय करत होता? एल्सीच्या चुलीची राख अंगाला चोळून, त्याच ओट्यावरचं धनुष्य घेऊन, तोच खोकला खोकत त्याच्यापुढे जात होता. मी आलो, मी आलो, असं रोज सांगत होता त्याला. हे कळल्यावर त्याला एकट्यालाच, त्या दवात बसून, हसू आलं. मग हसू गेलं, कारण पुढची गोष्टही त्याच्या लक्षात आली.

आणि त्याच्या लक्षात आली ती सेकरीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खाचांची गोष्ट दाउरेनं घरी सांगितली तेव्हा सेकरी तिथं जेवत होता. त्यानं साबूच्या झाडाच्या पिठाची भाकर खाली ठेवली.

"मग अडलंय कुठं? अक्का हाक मारेल, ते येईल, तुम्ही कुंपणाआड बसा. एका संध्याकाळचं काम."

एल्सीची हाक गावाला माहीत होती. लांब, शेवटी चढत जाणारी, दलदलीपलीकडे ऐकू जायची. डुकरांना, पोरांना, नवऱ्याला, सगळ्यांना एकच हाक. तरुणपणी सेकरी चिडवायचा की अक्कानं ऊ केलं की दाजी आणि डुक्कर शर्यत लावून येतात, आणि ताटापाशी आधी कोण पोचेल सांगता येत नाही.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. एल्सी चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. गावात बातमी पसरली आणि एकेक जण येऊन तेच सांगून गेला. कवाई वहिनी आली नाही, तिला कुणाकडे जायची मुभा नव्हती. पण संध्याकाळी दाउरे तिच्या दारावरून गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि हसत नव्हती.

घरी आल्यावर एल्सी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तर मारीन हाक. वहिनीसाठी मारीन. पण तुम्ही सांगायला पाहिजे."

दाउरे खोकला. सांगितलं मात्र नाही. त्या रात्री त्याला नीट झोप आली नसावी, कारण सकाळी उजाडता उजाडता तो आपली चटई गुंडाळून सेकरीच्या दारात उभा होता.

"मी इथं राहणार आहे," तो म्हणाला.

"अक्कानं हाकललं?"

"नाही. तुझ्या घराचा वास लागायला पाहिजे मला."

सेकरीला वाटलं, म्हातारा चळला. पण दाउरे राहिला. नदीवर जाऊन वाळूनं अंग घासून आला. सेकरीच्या चुलीपुढे बसला, त्याच्या बायकोच्या हातचं खाल्लं, त्याच्या ओसरीत त्याच्या कुत्र्यांमध्ये झोपला. खोकला दाबायला दिवसभर आलं चघळायचा. धनुष्यही सेकरीचं घेतलं. जाड वेळूचं, ताठ, फारसं न वापरलेलं. ते कुरकुरत नव्हतं, पण ताणायला दाउरेचे खांदे आता पुरे पडत नव्हते. रोज मागच्या अंगणात तो ते ताणायचा, दोरी कानापर्यंत पोचायची नाही, सोडून द्यायचा, पुन्हा ताणायचा. सेकरी ओसरीत बसून बघायचा. सुरुवातीला बोलायचा, नंतर बोलायचा थांबला. एका संध्याकाळी त्यानं स्वतःच उठून खोबरेल आणलं आणि दाजीचे खांदे चोळून दिले.

या दिवसांत सिबू शेतात येतच होतं. वाफे कमी होत होते. गावातले म्हणत होते, इकडे रास खचतेय आणि हा मेव्हण्याकडे पाहुणचार झोडतोय. एल्सीही त्याच शेतावर यायची, दाउरेला लांबून बघायची, आणि दोघं अनोळखी असल्यासारखी आपापल्या कामाला लागायची.

मग एका पहाटे, फटफटताना, वारा दलदलीकडून स्थिर येत होता. दाउरेनं सेकरीच्या चुलीची राख चोळली आणि कुंपणाच्या आत वाफ्याच्या आडोशाला पडून राहिला. मुंग्या चढल्या, उतरल्या. सिबू आलं. कुंपणाखाली थांबलं, नाक वर केलं. राखेचा वास त्याला पोचला हे दाउरेला दिसलं. नाकपुड्या हलल्या. बऱ्याच वेळानं मान खाली गेली. परक्या घराची राख होती, रानातल्या कुठल्याही राखेसारखी.

ते इतकं जवळ आलं की कानाची उथळ खाच दिसत होती. दाउरेनं गुडघ्यावर येऊन दोरी ओढली. खांद्यात कळ आली, ती त्यानं तिथंच राहू दिली. या वेळी धनुष्य बोललं नाही.

बाण फासळ्यांमागे लागला. जखमी डुक्कर पाण्याकडे पळतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. हे दलदलीकडे गेलं नाही. कुंपण मोडून गावच्या वाटेला लागलं आणि पहिल्या घरांच्या अलीकडे पडलं. दाउरे मागोमाग पोचला, त्याच्या कानावर हात ठेवून बसून राहिला, आणि इतक्या दिवसांचा दाबलेला खोकला तिथं एकदम बाहेर आला. खोकला ऐकून एल्सी घरातून बाहेर आली. कुणी बोलवायला गेलं नव्हतं.

पोसलेल्या डुकरासाठी आमच्या बायका रडतात, ती रीतच आहे. पण एल्सी रडली ते रीतीपेक्षा जास्त. मग डोळे पुसून तिनं स्वतःच केळीची पानं आणली आणि त्याच्याखाली घातली.

जेवण झालं. रास छातीपर्यंत पुरती लागली नाही, दोन बोटं कमी होती. नदीपलीकडचा सर्वांत म्हातारा सोयरा राशीशी जाऊन उभा राहिला, जरासा गुडघ्यात वाकला, आणि म्हणाला, झालं. कवाई वहिनीला बायकांनी नदीवर नेलं. परतताना तिचं हसणं शेतापर्यंत ऐकू येत होतं. मान मात्र अजून थोडी वाकडीच होती.

संध्याकाळी सेकरी वाटणीचं मांस पुढे घेऊन बसला. शेजारी दाउरे उकडलेलं कोनफळ खात होता. त्याला मांस चालणार नव्हतं, मारणारा तो. एल्सीलाही नाही, पोसणारी ती. सेकरीनं एक घास घेतला, दुसरा हातातच ठेवला.

"दाजी, एक विचारू? अक्का तयार होती. एका हाकेत काम झालं असतं, वाफेही वाचले असते. तुम्ही माझ्या कुत्र्यांत झोपलात, खांदा मोडून घेतलात. का?"

दाउरे खोकला. तेवढ्यात घराकडून एल्सीची हाक आली, लांब, शेवटी चढत जाणारी. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला,

"मलाही ती याच आवाजात जेवायला बोलावते, सेकरी. तिला ती हाक मारायला लावली असती, तर आज ही ऐकून मी घरी कसा गेलो असतो?"