गल्लीभर शेवगा

मालतीबाईंच्या वाटेला जायचं नाही, हे आमच्या गल्लीत नव्या भाडेकऱ्यालाही लगेच कळायचं. त्या भांडायच्या नाहीत, हीच त्यातली भीती होती. एकदा नाक्यावरच्या किराणावाल्याने त्यांना किडकी तूरडाळ दिली आणि वर म्हणाला, "आई, तुमचे डोळे तपासून घ्या." मालतीबाईंनी डाळ घरी आणली, निवडली, शिजवली, खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या लांबच्या दुकानात जायला लागल्या, आणि जाताना पिशवी हलवत मुद्दाम त्याच्याच दुकानावरून जायच्या. वाटेत भेटेल त्या बाईला म्हणायच्या, "येते का गं? तिकडे डाळ चांगली मिळते." होता होता त्या माणसाने किराणा बंद केला आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. मालतीबाई म्हणाल्या, "मी काय केलं? मी फक्त लांबून डाळ आणली."

सुरतेत नवागाम ओलांडून दिंडोलीकडे वळलं की आमची सोसायटी लागते. भिंतीला भिंत लागलेली घरं, बहुतेक सगळी आपली खानदेशातली माणसं. मालतीबाई पारोळ्याकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा त्यांचे यजमान लोटूभाऊ डाईंग मिलमध्ये होते. ते अचानक गेले, तेव्हा मुलगा भूपेंद्र शाळेत होता. मालतीबाईंनी घरी बसून साड्यांचं धागा कटिंग, म्हणजे सुटे धागे कापायचं काम केलं, पोराला वाढवलं. पुढे तो लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारीगर म्हणून लागला. मी समोरच राहते, मीही हेच काम करते. दारात साड्यांचा ढीग आणि हातात कात्री, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते न बघता दिसतं.

त्यांचा प्लॉट कोपऱ्याचा, म्हणून घराच्या कडेने जमिनीची एक पट्टी त्यांना जास्त मिळालेली. त्या पट्टीत त्या काय काय करायच्या! माघ लागला की त्यांचं अंग सैल व्हायचं. थंडीभर वालपापडी देऊन थकलेले वेल उपटायचे, माती खालीवर करून ऊन द्यायचं, शेणखत घालायचं. मोगरा निर्दयपणे छाटायचा, "आत्ता दया केली तर उन्हाळ्यात एक कळी नाही यायची." मग आळी करून गिलकी, दोडके, काकडी; कडेने गवार आणि भेंडी. कढीपत्त्याला तांबूस कोवळी पानं फुटलेली असायची, ती त्या चुरगळून माझ्या नाकाशी धरायच्या.

आणि फाटकाशी शेवगा. तो त्यांनी माहेरून फांदी आणून लावलेला. माघात पांढऱ्या फुलांनी भरायचा, फाल्गुनात शेंगा लोंबायच्या. गल्लीतल्या बाया फाटकाशी उभ्या राहून म्हणायच्या, "मालतीबाई, दोन शेंगा द्या ना." मालतीबाई आकडी घेऊन यायच्या, मागणारीकडे वरून खालपर्यंत बघायच्या, आणि मगच द्यायच्या. जिच्यावर राग असेल तिला म्हणायच्या, "अजून कोवळ्या आहेत." घर लोटूभाऊंच्या नावावरून भूपेंद्रच्या नावावर गेलेलं, पैसा त्याच्या पगाराचा. शेवगा मात्र त्यांचा होता.

तीन वर्षांपूर्वी माघात आम्ही दोघी एका लग्नाला अमळनेरला गेलो. परत येताना उधन्याला उतरलो, रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशीच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आभाळ जास्त दिसत होतं. फाटकाशी शेवग्याचं गुडघ्याएवढं खोड उभं होतं. फांद्या फुलांसकट मागच्या मोकळ्या प्लॉटवर फेकलेल्या. खोडाच्या वरच्या तोंडावर कुणीतरी ॲसिड ओतलं होतं. लाकूड काळं पडलं होतं आणि वास येत होता. पुन्हा फुटूही नये, एवढी काळजी घेतलेली.

मालतीबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मन्हं झाड कोनी तोडं?"

शेजारचे हिलालभाऊ बाहेर आले. भूपेंद्र ज्या खात्यात होता तिथले ते मास्तर, म्हणजे कारीगरांवरचा माणूस. त्यांना लपवायचं नव्हतं. म्हणाले, "वहिनी, मी तोडलं. माफ करा. सकाळी त्याची सावली माझ्या उंबऱ्यावर पडायची. कामरेजच्या भगताने सांगितलं, शेवग्याची सावली आहे तोवर पोरीचं जमणार नाही. माझ्या जागी तुम्ही असत्या तर काय केलं असतं?"

त्यांच्या स्नेहाची सोयरीक दोनदा ठरून मोडली होती. गल्लीला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे.

"विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तुम्ही गावाला होत्या," ते म्हणाले.

मालतीबाईंनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग शांतपणे म्हणाल्या, "पोरीचं चांगलं होवो." आणि आत गेल्या. ते ऐकून हिलालभाऊंचा चेहरा उजळला. नाक्यावरच्या दुकानाची गोष्ट ते विसरले असावेत.

भूपेंद्र पाळीवरून आला तेव्हा म्हणाला, "मी खात्यात होतो, माय. भिंतीवरून चढले असतील." मालतीबाईंनी विश्वास ठेवला.

सकाळी त्या मागच्या प्लॉटवर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या विळ्याने फुलं-पानं झोडून हाताएवढ्या जाड फांद्या वेगळ्या करत होत्या. एकसारखे तुकडे केले, भिंतीच्या सावलीत टेकवून ठेवले. दोन दिवस चीक सुकू दिला. मग प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापला, वाळून जाऊ नये म्हणून. मग डोक्यावर मोळी घेऊन गल्लीत निघाल्या.

"शेवगा देते, लावशील का? काही करावं लागत नाही. खड्डा मी खणते."

कोण नाही म्हणणार? वर्षानुवर्षं ज्यांनी आकडीकडे आशेने बघितलं होतं, त्या सगळ्यांनी हौसेने घेतल्या. माझ्या दारात एक लावली. माझ्या शेजारणीच्या दारात एक. हिलालभाऊंच्या घराच्या पलीकडच्या दारात एक. मागच्या प्लॉटच्या कडेने, बरोबर त्यांच्या मोरीच्या खिडकीसमोर, ओळीने चार-पाच. पाण्याच्या टाकीजवळ, गल्लीच्या तोंडाशी. माती त्या टाचेने दाबायच्या, घट्ट, पुन्हा पुन्हा.

मी म्हणाले, "एक तरी तुमच्या फाटकाशी लावा."

"माझ्याकडे कशाला? सावली पडायची तिथे पडू दे."

शेवग्याला फुटायला काय लागतं! शिवरात्र झाली आणि त्या बोडक्या सोट्यांवर हिरवे ठिपके दिसायला लागले. पहिल्यांदा तांदळाच्या दाण्याएवढे, मग एका सकाळी बघावं तर इवली इवली पानं. मालतीबाई रोज फेरी मारायच्या. वाकून प्रत्येक फांदी बघायच्या, दोन बोटांनी कोंब चाचपायच्या. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. बाळाकडे बघून हसतात तसं नव्हतं ते.

हिलालभाऊंच्या लक्षात आलं तेव्हा ते बाहेर उभे राहून चहूकडे बघत होते. मालतीबाई आळ्यात पाणी सोडत होत्या.

"वहिनी, हे काय केलं तुम्ही?"

"तुम्ही एक तोडलं, भाऊ. आता मोजा."

"माझी काय दुश्मनी होती तुमच्याशी?"

"कुणाची? माझी? मी तर लोकांना झाडं वाटली."

ते दारोदार गेले. पण लोकांच्या दारातलं झाड कोण तोडू देतं? एक बाई तर म्हणाली, "पानांची भाजी ब्लड प्रेशरला चांगली असते, मास्तर, तुम्ही पण खा." मागच्या प्लॉटवरच्या फांद्या त्यांनी उपटल्या, तर मालतीबाईंनी त्याच पुन्हा रोवल्या, जरा जास्त खोल. माणूस खरंच घाबरला होता. त्यांच्या उंबऱ्यावर भगताचं लिंबू दिसायला लागलं, मग काळी बाहुली. सकाळी ते दार उघडून आधी जमिनीकडे बघायचे. फांद्यांना अजून सावली पडण्याएवढी पानंही नव्हती.

होळीच्या आधीच्या रविवारी नंदुरबारहून पाहुणे आले, स्नेहाला बघायला. पोहे-चहा झाला. मुलाचे काका हात धुवायला बाहेर आले. सगळ्या दारांत कोवळे शेवगे बघून त्यांनी कौतुकाने विचारलं, "इथे काय, सोसायटीने लावले का?"

मालतीबाई गिलक्याच्या वेलाला काठी बांधत होत्या. पदर डोक्यावर घेतला. गोड आवाजात म्हणाल्या, "नाही हो, हिलालभाऊंमुळे."

"म्हणजे?"

"त्यांच्या स्नेहाची सोयरीक दोनदा ठरून मोडली ना, तर भगताने सांगितलं, माझ्या शेवग्याचा दोष आहे. बिचाऱ्यांनी झाड तोडलं. मग मी फांद्या वाया जाऊ दिल्या नाहीत." आणि तोंडावर हात ठेवून, "अगं बाई! तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

माझी कात्री हातात तशीच राहिली. काका ओले हात घेऊन आत गेले. थोड्या वेळाने सगळे पाहुणे चपला घालताना दिसले. हिलालभाऊ त्यांच्या मागोमाग रिक्षापर्यंत गेले आणि रिक्षा गेल्यावरही तिथेच उभे राहिले.

संध्याकाळी मालतीबाईंनी मला हाक मारली. वाटीत गूळ-शेंगदाणे होते. "घे उज्ज्वला, तोंड गोड कर."

"पोरीचा काय दोष होता?" मी विचारलं.

"माझ्या झाडाचा काय होता?"

स्नेहा मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. दुसऱ्या दिवशी कामाला निघाली, ती वाटेत मालतीबाईंच्या फाटकाशी थांबली. मालतीबाई भेंडीचं बी मातीत टोबत होत्या. मला वाटलं, आता शिव्या देणार.

ती म्हणाली, "मावशी, भिंतीवरून कोणी चढलं नव्हतं."

मालतीबाईंनी वर बघितलं.

"फाटक भूपेंद्रने उघडलं. पप्पांनी त्याला खात्यात विचारलं, तो म्हणाला, तोडून टाका, आईला मी सांगेन. कुऱ्हाड आमची होती. फांदी आमच्या पत्र्यावर पडू नये म्हणून दोर बांधून ओढायला तोच होता. मी खिडकीत होते." आणि वळता वळता, "बस, एटलुं ज कहेवानुं हतुं." एवढंच सांगायचं होतं म्हणे; ती चिडली की गुजरातीत बोलायची. तिने एकदाही आवाज चढवला नाही. असा सूड मी मालतीबाईंकडूनही बघितला नव्हता.

मालतीबाईंच्या मुठीत भेंडीचं बी होतं. ते त्यांनी एकाच खड्ड्यात सगळं टाकलं आणि घरात गेल्या.

भूपेंद्र आला तेव्हा दार उघडंच होतं. सगळं ऐकू आलं.

"झाड तोडं तव्हय तू कथा व्हता?"

"खात्यात, माय."

"भूपेंद्र."

मग तो म्हणाला, "त्या मना मास्तर शेतस. नही कसं म्हनू? अन् एक झाडच व्हतं ना, माय."

त्यांनी त्याला जेवायला वाढलं. त्या दिवशी, आणि त्यानंतर रोज. बोलणं मात्र कामापुरतं उरलं.

पावसाळ्याआधी हिलालभाऊ घर विकून कोसाडला गेले. त्यांनी खातंही बदललं. पुढे स्नेहाचं लग्न झालं म्हणे, मार्केटमधल्याच कुणाशी. आमच्या गल्लीत कुणाला बोलावणं नव्हतं. पावसात शेवगे छपरांच्या वर गेले आणि पुढच्या माघात दारोदार फुलले. शेंगा एवढ्या झाल्या की बाया एकमेकींना घ्या घ्या म्हणू लागल्या. मालतीबाईंच्या फाटकाशी कुणी थांबेना. त्यांच्या दारात शेवगाच नव्हता. मी शेंगा घेऊन गेले, तर म्हणाल्या, "नको. मला वातूळ होतात." इतकी वर्षं झाल्या नव्हत्या.

त्याच सुमाराला भूपेंद्रसाठी शहाद्याहून स्थळ आलं. मुलीचे वडील साधे, शेतकरी माणूस. घर बघितलं, बाग बघितली, खूश झाले. सहज म्हणाले, "मुलगा स्वभावाने कसा आहे, ताई?"

मालतीबाईंनी भूपेंद्रकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता.

"व्यसन नाही. कष्टाला चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण वरच्याला नाही म्हणता येत नाही त्याला. उद्या मालकाने तुमच्या पोरीला घराबाहेर काढायला सांगितलं, तर हा तिची पेटी उचलून देईल. मी आई आहे म्हणून सांगते. बघा बुवा."

ते स्थळ गेलं. भूपेंद्रने पेटी भरली ती स्वतःची. कामरेजला एका मित्राच्या खात्यात लागला, तिथेच खोली केली. जाताना पाया पडायला वाकला, तर मालतीबाईंनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. रिक्षा गेल्यावर मला म्हणाल्या, "झालं. सगळ्यांचा हिशेब झाला." आणि मोगरा छाटायला घेतला.

यंदा माघात भूपेंद्र एकदा आला. टेम्पोतून शेणखताची दोन पोती घेऊन, कामरेजकडच्या गोठ्यातलं, चांगलं कुजलेलं. फाटकाबाहेर उतरवली आणि उभा राहिला. मालतीबाई काकडीची आळी करत होत्या. मूठभर खत घेऊन त्यांनी चोळून बघितलं, वास घेतला.

"कच्चं नाही ना?"

"नाही, माय."

"इथे टाक. मुळाशी नको, लांबून."

त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खत घातलं. दोघं तासभर एकाच वाफ्यात वाकून होती. बोलणं एवढंच, इथे टाक, तिथे नको. नंतर त्यांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. जेवून जा म्हणाल्या नाहीत. त्यानेही वाट बघितली नाही, टेम्पोत बसून गेला.

मी म्हणाले, "मालतीबाई, पोरगा आहे. बोलवा आता घरी."

त्या हाताची माती झटकत होत्या. "आला तर येऊ दे," त्या म्हणाल्या. "मी बोलावणार नाही."

आणि उरलेलं पोतं ओढत मोगऱ्याकडे नेलं.